ब्रीफकेस घेऊन आलेला पाहुणा

लॉरेन हॅन्सबेरीच्या ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकात बोलणारं गोरं पात्र एकच आहे. कार्ल लिंडनर त्याचं नाव. तीन अंकांत तो दोनदाच येतो. मध्यमवयीन, अंगात नीटनेटका सूट, हातात ब्रीफकेस, बोलणं अदबीचं. तो शिवी देत नाही, आवाज चढवत नाही. पहिल्या वाचनानंतर वॉल्टर लीचं शेवटच्या अंकातलं भाषण मनात घुमत राहिलं. ते बहुतेक वाचकांच्या मनात घुमत असणार. पुढच्या वाचनांत मात्र माझं लक्ष या लिंडनरवर खिळलं आणि ते अजून सुटलेलं नाही. हॅन्सबेरीने वंशद्वेषावर नाटक लिहायला घेतलं आणि त्या द्वेषाला रंगमंचावर आणताना इतकं सौम्य, समजूतदार रूप दिलं. या नाटकाचं मोठेपण मला तिथे दिसतं.

लिंडनर ज्या घरात येतो ते घर आधी पाहायला हवं. शिकागोचा साउथ साइड, दुसरं महायुद्ध संपल्यानंतरची वर्षं. यंगर कुटुंबाच्या पाच माणसांचा संसार एका कोंदट बिऱ्हाडात चालला आहे. उजेड यावा अशी खिडकी एकच, तीही स्वयंपाकाच्या कोपऱ्यात. दहा वर्षांचा ट्रॅव्हिस बाहेरच्या खोलीत कोचावर झोपतो. संडास-न्हाणीघर जिन्याच्या पलीकडे, शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेलं. पडदा उघडतो तो गजराच्या आवाजावर आणि शेजारी आत शिरायच्या आधी पोराने न्हाणीघर गाठावं म्हणून त्याला उठवणाऱ्या त्याच्या आईवर, रूथवर. चाळीत राहिलेल्या मराठी माणसाला या पहिल्या पाच मिनिटांसाठी कसलीही टीप लागणार नाही. जुनं सामान, पुसून पुसून विरलेलं, डाग झाकायला टाकलेली आच्छादनं. त्या फर्निचरविषयी हॅन्सबेरी रंगसूचनेत अशा मायेने लिहिते की जणू तेही घरातलं माणूस आहे.

या घरात 10,000 डॉलरचा चेक येणार आहे. थोरल्या वॉल्टरच्या, म्हणजे लीनाच्या दिवंगत नवऱ्याच्या विम्याचे पैसे. मुलगा वॉल्टर ली एका गोऱ्या साहेबाची गाडी चालवतो; त्याला दारूचं दुकान टाकायचं आहे. मुलगी बेनीथाला डॉक्टर व्हायचं आहे. लीनाला घर हवं, अंगणासकट, बागेचा तुकडा असलेलं. कहाणीचा सांगाडा एवढाच, आणि तो जुन्या घाटणीच्या कौटुंबिक नाटकाचा आहे. अमेरिकेत तेव्हाही काहींनी त्याला त्यासाठी नाक मुरडलं. पण या सांगाड्यात हॅन्सबेरी लहान लहान गोष्टी पेरत जाते. पहिल्याच प्रवेशात वॉल्टर सकाळचं वर्तमानपत्र चाळताना बॉम्ब फुटल्याची बातमी सांगतो आणि कुणी फारसं लक्ष देत नाही. त्यात दचकावं असं कुणालाच काही वाटत नाही. बोलणं लगेच अंड्यांवर आणि पैशांवर येतं.

लीना घर घेते ते क्लायबोर्न पार्कमध्ये, सगळ्या गोऱ्यांच्या वस्तीत. का घेते? या प्रश्नाचं तिचं उत्तर मला नाटकातल्या सगळ्यात महत्त्वाच्या जागांपैकी एक वाटतं आणि त्यावर फार कमी बोललं जातं. काळ्यांसाठी म्हणून दूरवर बांधलेल्या घरांची किंमत इतर घरांच्या दुप्पट असते, म्हणून. तिने कमीत कमी पैशांत बरं घर शोधलं, एवढंच. तिला कुणाला धडा शिकवायचा नाही आणि गोऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचीही हौस नाही. तिचा हिशोब कुठल्याही घरच्या बाईचा हिशोब आहे. पुढे लिंडनर जे काही बोलतो ते या साध्या हिशोबाविरुद्ध बोलतो, हे लक्षात ठेवून तो प्रवेश वाचावा.

दुसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश. घर बदलायचा दिवस. खोकी भरलेली आहेत, रूथ आणि बेनीथा आवराआवर करताहेत. आदल्या रात्री रूथ आणि वॉल्टर कितीतरी दिवसांनी सिनेमाला गेले होते, हातात हात घालून चालले होते. रूथ ते नणंदेला लाजत सांगते. वॉल्टर येतो आणि बायकोला धरून नाचायला लागतो. सबंध नाटकात या घराने इतका मोकळा श्वास घेतलेला नाही. आणि घंटा वाजते. दारात लिंडनर.

त्याचं येणं हॅन्सबेरीने किती सावकाश लिहिलं आहे! तो आधी लीनाबाईंची चौकशी करतो. वॉल्टर घरातला कर्ता म्हणून पुढे होतो. आपल्या घरी एक व्यवहारी गृहस्थ आला आहे, आपणही तसंच वागावं, अशी त्याची ऐट आहे. रूथ खुर्ची मोकळी करते, प्यायला काही हवं का विचारतात, तो नको म्हणतो. मग तो सांगतो की आपण क्लायबोर्न पार्क सुधारणा मंडळाकडून आलो आहोत, मंडळाच्या स्वागत समितीसारखं काम बघतो. स्वागत! रूथचा चेहरा उजळतो. वस्त्यांमधून होणाऱ्या अप्रिय प्रकारांचा तो उल्लेख करतो आणि त्याबद्दल खेद दाखवतो. माणसं एकमेकांशी बसून बोलत नाहीत म्हणून जगातली निम्मी भांडणं होतात, असा त्याचा सूर आहे, आणि रूथ त्याला मनापासून मान डोलावते. का डोलावू नये? वाक्य खरंच आहे. बेनीथा तेवढी गप्प राहून त्याच्याकडे टक लावून बघत असते.

मग तो आपल्या लोकांचं वर्णन करतो. ती श्रीमंत माणसं नाहीत. कष्टाची, साधी, छोटी घरं उभी केलेली, आपली मुलं ज्या वातावरणात वाढावीत असं वाटतं ते जपणारी. लिंडनर हे जे चित्र काढतो ते हुबेहूब यंगर कुटुंबाचं आहे. कष्ट, छोटं घर, मुलाबाळांची काळजी. ऐकणाऱ्यांत आणि त्याच्या माणसांत काडीचाही फरक नाही हे त्याच्याच तोंडून सिद्ध होत असतं आणि त्याच दमात तो सांगत असतो की सारखी पार्श्वभूमी असलेल्या माणसांनी एकत्र राहिलेलं बरं. वंशद्वेषाचा इथे संबंधच नाही, असंही तो बजावतो. काळी कुटुंबं आपापल्या वस्तीतच जास्त सुखी असतात, असं आमच्या लोकांना वाटतं. वाटतं ते त्याच्या लोकांना. स्वतः तो कुठेच नाही. शेवटी ब्रीफकेस उघडते: मंडळ हे घर जास्त किमतीत परत विकत घ्यायला तयार आहे.

आमच्या वर्गात हा प्रवेश मोठ्याने वाचला जातो तेव्हा लिंडनर वाचणारा विद्यार्थी हटकून आवाज जाड करतो. खलनायक आहे म्हटल्यावर तसं होतंच. आणि प्रत्येक वेळी प्रवेश पडतो, कारण मग रूथ मान का डोलावते हे कळेनासं होतं, वॉल्टरला समजायला इतका वेळ का लागतो हेही. तेच एका मुलीने खरोखर काळजीच्या सुरात वाचलं तेव्हा खोलीतली हवा बदलली. लिंडनरचा स्वतःच्या चांगुलपणावर विश्वास आहे. तो जाताना धमकी देतो तीही काळजीच्या भाषेत, की नको असलेल्या ठिकाणी गेलात तर तिथली काही माणसं भडकू शकतात. ती ‘काही माणसं’ कोण, हे वर्तमानपत्रातल्या बॉम्बने आपल्याला आधीच सांगून ठेवलं आहे. दाराशी पोचल्यावर तो पस्तिशीच्या, बायकापोरं असलेल्या वॉल्टरला वडिलकीने ‘बेटा’ म्हणतो आणि माणसांची मनं जबरदस्तीने बदलता येत नाहीत असं सांगून जातो. त्या एका संबोधनात त्याचा सगळा अदबशीरपणा उघडा पडतो. घरातला कर्ता म्हणून ऐटीत पुढे झालेल्या माणसाला निघता निघता त्याने पोर करून टाकलेलं असतं.

हॅन्सबेरीला हा आवाज कुठून सापडला? ती शिकागोतच वाढली. तिचे वडील कार्ल हॅन्सबेरी यांनी 1937 मध्ये साउथ र्‍होड्स अव्हेन्यूवर एक घर घेतलं. त्या वस्तीतल्या मालमत्ता काळ्यांना विकायच्या किंवा भाड्याने द्यायच्या नाहीत असा मालकांनी आपसांत केलेला रीतसर करार होता. शिकागोत असे करार जागोजागी होते. घराबाहेर जमाव आला, काचेतून आत भिरकावलेली वस्तू छोट्या लॉरेनला लागता लागता राहिली. वडील खटला लढत होते तेव्हा आई रात्री भरलेलं जर्मन पिस्तूल घेऊन घरात पहारा देत असे, असं तिने पुढे लिहून ठेवलं आहे. 1940 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हॅन्सबेरी खटला जिंकले, पण जिंकले ते तांत्रिक मुद्द्यावर: आधीच्या एका खटल्याचा निकाल त्यांच्यावर बंधनकारक धरता येत नाही, एवढंच न्यायालयाने म्हटलं. तो करार मुळात न्याय्य आहे की नाही, याला हात घातलाच नाही. असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत हे ठरायला 1948 उजाडलं. तेव्हा कार्ल हॅन्सबेरी हयात नव्हते. 1946 मध्ये मेक्सिकोत त्यांचं निधन झालं, कुटुंबाला कायमचं तिथे न्यायच्या तयारीत असताना.

यात आणखी एक पदर आहे. कार्ल हॅन्सबेरी घरांच्याच धंद्यात होते. मोठी बिऱ्हाडं तोडून, छोट्या छोट्या खोल्या पाडून ती काळ्या कुटुंबांना भाड्याने देण्यावर त्यांचं उत्पन्न उभं होतं. म्हणजे लॉरेन यंगरांसारखी गरीब नव्हती. यंगरांसारखी माणसं तिच्या वडिलांची भाडेकरू होती. तिने नाटक लिहिलं ते मालकाच्या मुलीच्या बाजूने न लिहिता भाडेकरूंच्या कोचावर बसून लिहिलं. त्या घराविषयीच्या रंगसूचनांमधली माया मला म्हणून जास्त मोलाची वाटते.

त्या काळात दगड, आग आणि जमाव होताच. 1951 मध्ये शिकागोला लागून असलेल्या सिसेरोत एक काळं कुटुंब राहायला येतंय म्हणून हजारोंचा जमाव इमारतीवर चालून गेला होता. हॅन्सबेरीकडे दाखवायला हे सगळं होतं, स्वतःच्या घराची फुटलेली काचही होती. तिने ती रंगमंचावर आणली नाही. जमाव आणला असता तर ब्रॉडवेचे प्रेक्षक निर्धास्त झाले असते: आम्ही दगड मारणाऱ्यांतले नाही. लिंडनरच्या वेळी ती सोय राहत नाही. 11 मार्च 1959 ला न्यूयॉर्कच्या एथेल बॅरिमोर थिएटरमध्ये हे नाटक उघडलं. दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स. वॉल्टरच्या भूमिकेत सिडनी पॉटिये, रूथ झाली रूबी डी, लीना झाली क्लॉडिया मॅकनील. ब्रॉडवेवर काळ्या स्त्रीने लिहिलेलं नाटक त्याआधी झालं नव्हतं. समोर बसलेल्यांत काळे प्रेक्षक होते, आणि नाट्यगृहात इतके काळे प्रेक्षक आपण कधी पाहिले नव्हते असं जेम्स बाल्डविनने नोंदवलं आहे. पण त्यांच्या शेजारी जे बसले होते त्यांच्यातले अनेकजण लिंडनरसारखेच सूट घालून, लिंडनरसारखेच सज्जन आणि लिंडनरसारख्याच वस्त्यांमधून आलेले असणार.

लिंडनर वाचताना मला दर वेळी बडोदा आठवतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि पुढे लंडनला शिकून 1917 मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी सराईत ते नाव लपवून राहिले आणि एके दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मकथनात हा प्रसंग आहे आणि तो सांगितला जातो तो बहुधा काठ्यांपाशी थांबतो. पण आंबेडकर पुढेही लिहितात. ते दोन मित्रांकडे जातात, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणतो, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राला बायको आल्यावर विचारावं लागणार असतं. दोघांनीही आपलं मत सांगितलं नाही. दोघांनीही ते दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर ठेवलं. नोकरांना चालणार नाही, बायकोला विचारतो, आमच्या लोकांना वाटतं: या सगळ्यांचा घाट एकच आहे. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या दलित लेखकांच्या पहिल्या पिढीने अमेरिकन काळ्या साहित्याकडे इतक्या ओढीने पाहिलं, म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांनी ते मराठीत आवर्जून सांगितलं, त्याचं कारण अन्याय सारखा होता हे तर आहेच. अन्यायाची वागण्याबोलण्याची तऱ्हाही सारखी होती.

आणि ते जुनं झालेलं नाही. माझ्याबरोबर शिकणारी एक मैत्रीण पुण्यात खोली शोधत होती. कुणी तिला हाकललं नाही. सगळे गोड बोलले, एका घरी चहा दिला. आडनाव विचारून झाल्यावर त्या काकू म्हणाल्या, “आमचं काही नाही गं, पण सोसायटीतले लोक…” ती मला हे सांगत होती तेव्हा तिच्या बोलण्यात राग नव्हता, गोंधळ होता: इतक्या चांगल्या वागल्या त्या, मग मला इतकं वाईट का वाटतंय? यंगर कुटुंबाच्या खोलीत लिंडनर निघून गेल्यावर जी शांतता पसरते ती हीच.

या नाटकाबद्दल परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असतो, पूर्वग्रह आणि स्वीकार. पूर्वग्रह मिळाला. स्वीकार कुठे आहे? उत्तरपत्रिकांत तो बहुधा क्लायबोर्न पार्कमध्ये शोधला जातो आणि तिथे तो नाही. कुणी गोरा शेजारी दार उघडून या म्हणत नाही, लिंडनरला पश्चात्ताप होत नाही. स्वीकार आहे तो तिसऱ्या अंकात, त्या कोंदट बिऱ्हाडातच.

वॉल्टरने पैसे घालवलेले असतात. लीनाने 3,500 घराच्या पहिल्या हप्त्यात भरले होते आणि उरलेले 6,500 विश्वासाने त्याच्या हाती दिले होते, त्यातले 3,000 बेनीथाच्या शिक्षणासाठी बाजूला ठेव असं सांगून. विली हॅरिस नावाचा भागीदार सगळेच घेऊन पळतो. मग वॉल्टर स्वतः लिंडनरला फोन करून बोलावतो: घर परत विकायचं, मिळतील ते पैसे घ्यायचे. लिंडनरला काय बोलशील असं विचारल्यावर वॉल्टर गुडघ्यांवर बसून, गुलामाची बोली काढून, हात जोडून मालकाला विनवणाऱ्याची नक्कल करून दाखवतो. वाचतानाही अंगावर काटा येतो. बेनीथा म्हणते हा माझा भाऊ नाही. आणि तिथे लीना तिला अडवते. माणसावर प्रेम करायची वेळ कोणती? तो यशस्वी होऊन सगळ्यांचं भलं करतो तेव्हाची? लीना सांगते की तेव्हा नाही. जगाने चाबकाने सोलल्यावर तो स्वतःवरच विश्वास ठेवू शकत नाही तेव्हाची. माणसाचं माप काढायचं तर तो कुठल्या दऱ्याडोंगरांतून आलाय ते धरून काढावं, असं ती मुलीला बजावते.

आता लिंडनरचं बोलणं शेजारी ठेवून पाहा. तोही माप काढायलाच आला होता. पार्श्वभूमी जुळते का, हे त्याचं माप. लीनाचं माप पार्श्वभूमीतूनच सुरू होतं आणि अगदी उलट्या दिशेला जातं. हॅन्सबेरीने ही दोन बोलणी एकमेकांना उत्तर म्हणून योजली असं मी म्हणत नाही, पण नाटक मात्र ती तशी ऐकवतं.

मग लिंडनर दुसऱ्यांदा येतो. रूथ पोराला खाली पाठवू पाहते. लीना ट्रॅव्हिसला थांबवते. बापाला जे करायचं ते त्याने मुलासमोर करावं. वॉल्टर चाचरत सुरू होतो. आपण साधी माणसं आहोत, मी गाडी चालवतो, बायको लोकांकडे स्वयंपाकघरात राबते. मधेच त्याला वडील आठवतात, एका शिवीसाठी माणसाला मरेस्तोवर मारायला निघालेले. मग बहीण डॉक्टर होणार आहे. मग मुलगा, या देशातली आमची सहावी पिढी. वाक्यं एकमेकांवर टेकत जातात आणि कुठल्या क्षणी तो वळला हे बोट ठेवून सांगता येत नाही. पॉटियेची भूमिका 1961 च्या चित्रपटात आजही पाहता येते. तो हा वळसा आवाजात न घेता खांद्यांतून घेतो. शेवटी वॉल्टर लिंडनरकडे काय मागतो? काहीच नाही. त्रास द्यायचा नाही, चांगले शेजारी व्हायचा प्रयत्न करू, पैसे नकोत. तुम्ही आम्हाला आपलं म्हणा, असं एक अक्षर त्यात नाही. लिंडनर तेव्हाही वॉल्टरला ओलांडून लीनाकडे वळतो, तुम्ही वडीलधाऱ्या, समजूतदार, असं आर्जव करतो. पुन्हा तेच: मुलगा पोर आहे. लीना त्याला मुलाच्या शब्दापुढे आपला शब्द नाही, असं सांगून परत पाठवते.

नाटकात सगळंच असं जमलेलं नाही. बेनीथाला भेटायला येणारा श्रीमंत घरचा जॉर्ज मर्चिसन फारच सपाट आहे, तो येतो तेव्हा हॅन्सबेरीच्या लेखणीतली दया आटते. नायजेरियाचा असागाई तिसऱ्या अंकात बेनीथाशी इतिहासाविषयी जे वाद घालतो त्यात विचार मोठे आहेत, पण तेवढा वेळ माणसं थांबून मतंच बोलू लागतात. अमिरी बराकासारख्या कवीने सुरुवातीला हे मध्यमवर्गीय, गोऱ्या वस्तीत शिरू पाहणाऱ्यांचं नाटक म्हणून झटकून टाकलं होतं. पुढे त्याने आपलं मत जाहीरपणे बदललं. पहिला आक्षेप मला कधीच समजला नाही. दुप्पट किंमत नको म्हणून घेतलेलं घर, हे त्याने वाचलं नव्हतं का?

हे नाटक कुणी मराठीत करायला घेतलं तर वॉल्टर आणि लीना मिळतील. तशा ताकदीचे नट आपल्याकडे आहेत. माझी विनंती लिंडनरपुरती आहे. ते काम संचातल्या सगळ्यात लाघवी माणसाला द्यावं, ज्याला पाहून आपला एखादा आवडता मास्तर किंवा शेजारचे काका आठवतील. त्याने घरात शिरताना चपला बाहेर काढाव्यात, ट्रॅव्हिसच्या डोक्यावरून हात फिरवावा, खोक्यांतून वाट काढताना कशाला धक्का लागू नये म्हणून जपावं. आणि ब्रीफकेस उघडेपर्यंत प्रेक्षकांना त्याचं म्हणणं थोडंफार पटत राहायला हवं.